कूलरसमोरची जागा तुमच्या घरी कोणाची?

खामलेकर

मंडळी, काल आमचा कूलर निघाला.

नागपुरात एवढं म्हटलं की पुढचं ज्याचं त्याला समजतं. होळी होऊन गेलेली असते, कानामागचा रंग अजून पुरता उतरलेला नसतो, आणि एका रविवारी सकाळी मागच्या खोलीतून ते पत्र्याचं धूड चौघांनी धरून अंगणात येतं. बाबा बनियनवर, एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात तेलाची कुपी. आई दारातून सांगते, "आधी झटकून घ्या जी, आत पाल असते." पाल असतेच. माझी पुतणी सात वर्षांची आहे. तिच्या मते दरवर्षी तीच पाल असते आणि तिचं घरातलं नाव कूलरमावशी आहे. काल कूलरमावशी निघाली नाही तर पोरगी अर्धा तास तोंड पाडून बसली. शेवटी ती पंख्याच्या मागून निघाली आणि सगळे खूश.

मग जुनं गवत काढायचं. वर्षभराचे क्षार बसून ते असं कडक झालेलं असतं की बोटानं दाबलं तर पापडासारखं मोडतं. आमच्याकडे दोन ताट्यांना साधं लाकडी गवत आणि एका ताटीला वाळा, हा आईचा जुना हिशोब. वाळा महाग पडतो, पण एक बाजू तरी पाहिजेच. पंप सुरू केला, वरच्या पन्हाळीतून पहिलं पाणी वाळ्यावर उतरलं, आणि तो वास बैठकीत शिरला. आम्ही सहाही जण हातातली कामं टाकून तिथेच उभे राहिलो. कोणी काही बोललं नाही. वर्षातून एकदाच येणारा क्षण आहे तो, मला दिवाळीच्या पहिल्या पणतीइतका आवडतो.

आता मुद्द्याचं. आमच्या बैठकीत चौकोनी फरशा आहेत आणि कूलर खिडकीत बसतो. लहानपणी मी आणि दादानं मोजून ठेवलेलं आहे: तिसऱ्या फरशीपर्यंत तुषार येतात, सातवीपर्यंत गार लागतं, नवव्या फरशीवर फक्त आवाज पोचतो. आबाजींचा दिवाण दुसऱ्या ते पाचव्या फरशीवर होता. तिथे कोणी बसायचं नाही, हा घरातला कायदा. आजी बाजूला भिंतीशी, झोताच्या बाहेर, कारण "माझे गुडघे धरतात." दादा आणि मी चटईवर, मध्ये खडूनं ओढलेली रेघ. झोपेत कोणाचा पाय रेघेपलीकडे गेला की दुसऱ्या दिवशीची एक कुल्फी दंड.

आणि कूलरच्या तोंडाशी तोंड नेऊन "आऽऽऽ" म्हणायचं. आवाजाचे तुकडे तुकडे होऊन परत येतात. काल पुतणीनं पहिल्यांदा केलं. नंतर दादानं केलं. नंतर बाबांनी, इकडेतिकडे बघून.

तुमच्याकडे ही जागा कोणाची होती? आता कोणाची आहे? सांगा.

तर्री_जास्त

आमच्याकडे जावयाची! मोठे जावई इतवारीत आमच्या घरी आले की समोरची खाट त्यांची, बाकी सगळे भिंतीला टेकून घाम पुसत. एका वर्षी ते नेमके २५ मेला आले, नवतप्याचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांचा, पहिला दिवस. रात्रभर कूलर पूर्ण वेगानं त्यांच्या अंगावर. भला माणूस, "जरा बंद करा" म्हणाला नाही, कारण सासूबाईंनी एवढ्या प्रेमानं खाट घातली होती. पहाटे पाच वाजता त्यांनी हळूच माझ्या बहिणीला उठवून विचारलं, "शाल आहे का?" मे महिन्यात आमच्या घरात चार जण शाल शोधून राहिले होते. लोखंडी पेटी उघडली, डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला, आणि आईच्या लक्षात आलं की जावई गारठले. तेव्हापासून त्यांच्या उशाशी शाल ठेवूनच कूलर लावतात. मान तर राहिला पाहिजे ना.

पुण्यातली_नागपूरकरीण

खामलेकर, वाळ्याचं वाचून मी खिडकीत जाऊन उभी राहिले. इथे वास आला नाही, पण उभी राहिले.

मला गारव्यापेक्षा आवाजाची सवय आहे. नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी मार्च ते जून सगळे मोठ्यानं बोलायचे. कूलरचा आवाज, त्यावर टीव्हीचा, त्यावर आमचा. जेवायला बसलं की मीठ हवं असेल तर चिमूट दाखवायची, पोळी हवी तर हाताचा पंजा, पुरे असेल तर ताटावर हात. चार महिन्यांची ती खुणांची भाषा जूनच्या पहिल्या पावसाबरोबर संपायची. लग्न होऊन इथे आले तर नवऱ्याला वाटलं मी रागावले आहे, कारण मी साधं "चहा घेता का" असं विचारलं तरी शेजारी ऐकू जायचं.

पहिल्या वर्षी मला इथे झोप येईना. आईला फोन केला. तिनं काय करावं? आमच्या कूलरचा वीस मिनिटांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवला. मध्ये एकदा बाबांचा खोकला आहे आणि शेवटी "लाईन गेली गं" असं आई म्हणते. अजूनही कधीकधी लावते.

खामलेकर

ताई, "लाईन गेली गं" ऐकून तुम्हाला झोप येते, हे फक्त नागपूरच्या माणसालाच समजेल.

अंधेरीचा_नवखा

माझी बायको नागपूरची. तिच्या आग्रहानं दोन वर्षांपूर्वी मुंबईत कूलर घेतला. खोली ओली झाली, वर्तमानपत्र मऊ पडलं, चिवडा सादळला, आणि गार काही झालं नाही. तिच्या माहेरी मात्र तोच प्रकार इतका सुंदर चालतो की दुपारी पांघरूण घ्यावं लागतं. हे गौडबंगाल कोणी समजावेल का?

निवृत्त_इंजिनेर

समजावतो. माझा आवडता विषय आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

पुष्कळांना वाटतं की टाकीतलं पाणी गार म्हणून हवा गार. म्हणून ते टाकीत बर्फ टाकतात. बर्फानं मन गार होतं, खोली नाही. हिशोब बघा: एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना ५८० च्या आसपास घेतं. म्हणजे सातपट. कूलरची सगळी जादू उडणाऱ्या पाण्यात आहे. ओल्या गवतातून कोरडी हवा जाते, पाणी उडतं, आणि उडण्यासाठी लागणारी उष्णता ते त्याच हवेतून घेतं. माठात पाणी गार होतं ते याच कारणानं. पाणपोईवरचा रांजण आणि तुमच्या खिडकीतला कूलर ही सख्खी भावंडं आहेत.

आता मे महिन्यात नागपूरची दुपार ४४ अंशांची आणि हवेत दमटपणा १५ टक्के धरा. अशी हवा पाण्यासाठी तहानलेली असते. चांगलं गवत, चांगला पंप असेल तर आत येणारी हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरते. मुंबईची हवा आधीच पाणी पिऊन तट्ट असते. तिच्यात आणखी पाणी मावत नाही, मग तिला उष्णता काढता येत नाही, आणि पाणी तुमच्या चिवड्यात जातं. नागपुरातही जुलैत तेच होतं. पाऊस सुरू झाला की कूलर चिकचिक करतो आणि त्याला रजा द्यावी लागते.

दुसरी गोष्ट, आणि ही मी गेली तीस वर्षं प्रत्येक नातेवाइकाला सांगत आलो आहे: समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. तिला जायला वाट पाहिजे, नाहीतर खोलीत वाफ कोंडते. माझे साडू दारं-खिडक्या बंद करून वर पडद्याला पिना लावायचे. मी त्यांच्या घरी गेलो की पाणी पिण्याआधी त्यांची मागची खिडकी चार बोटं उघडायचो. ते बंद करायचे. असं एका दुपारी सात वेळा झालं. आठव्या वेळी त्यांना झोप लागली आणि विज्ञान जिंकलं.

अंधेरीचा_नवखा

काका, शंभर धन्यवाद. बायकोला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, मग मुंबईची हवा बदला.

तर्री_जास्त

काका, तुमचे साडू या धाग्यावर नाहीत ना जी?

निवृत्त_इंजिनेर

आहेत. नुकताच फोन आला होता. खिडकी उघडी आहे म्हणाले.

वऱ्हाडातलं_पोट्टं

घरच्या कूलरचं सगळे सांगून राहिले, लग्नातल्या कूलरचं कोणी सांगा ना! बरं, मीच सांगतो.

मागच्या मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न होतं, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. मंगल कार्यालयात चार जम्बो कूलर, माणसाच्या उंचीचे. लग्नाला माणूस आला की तो आधी नवरा-नवरी बघत नाही, कूलर बघतो. मग खुर्ची उचलून तिकडे निघतो. अर्ध्या तासात मधल्या रांगा मोकळ्या आणि चारही कूलरसमोर चार गावं वसलेली. एका कूलरसमोर वरपक्षाकडची मंडळी, एकासमोर आमच्याकडची, तिसऱ्यासमोर दोन्हीकडच्या आज्या, आणि चौथ्यासमोर फोटोवाला स्वतः. आज्यांच्या कूलरसमोर त्या दुपारी आणखी दोन लग्नं जमता जमता राहिली असं ऐकलं.

खरी मजा मंगलाष्टकांच्या वेळी. स्टेजच्या मागे नवरा-नवरीला हवा लागावी म्हणून पाचवा कूलर लावलेला. "शुभ मंगल सावधान" झालं, आम्ही अक्षता टाकल्या, आणि त्या सगळ्या उलट आमच्याच अंगावर! दुसऱ्यांदा जोरात टाकल्या, पुन्हा परत. नवरा-नवरी कोरडे आणि पहिल्या चार रांगांतले काका-काकू डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. मामाची पंचाईत, कूलर बंद करावा तर नवरदेवाला ऊन लागायचं. शेवटी तो बाजूनं गेला आणि ओंजळभर अक्षता दोघांच्या डोक्यावर हातानं ठेवून आला. बहीण एवढी हसली की अंतरपाट धरणारा पण हसायला लागला. लग्नाचा सगळ्यात सुंदर फोटो तोच आहे.

पुण्यातली_नागपूरकरीण

हसून हसून डोळ्यांत पाणी. आमच्याही लग्नात माझी बट कूलरनं प्रत्येक फोटोत नवऱ्याच्या नाकावर नेली आहे.

वॉर्डातली_ताई

सगळं वाचलं, फार छान वाटलं. मी रुग्णसेवेत आहे, म्हणून दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. रागावू नका.

पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. अर्थिंग दरवर्षी तपासून घ्या. ओली फरशी, अनवाणी पाय आणि पत्रा, यातून दर उन्हाळ्यात अपघात होतात आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बाईचे किंवा मुलाचे होतात, कारण पाणी तेच भरतात.

दुसरं, डेंगीचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि कूलरची टाकी त्याला महालासारखी. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा आणि आतून घासा. नुसतं पाणी काढून चालत नाही, अंडी भिंतीला चिकटून राहतात. पावसाळा लागला की टाकी कोरडी करून ठेवा. आमच्या घरी शुक्रवार ठरलेला आहे. मुलं त्याला "टाकीचा उपवास" म्हणतात आणि एकमेकांना बिनचूक आठवण करून देतात.

खामलेकर

ताई, "टाकीचा उपवास" आजपासून आमच्याकडेही. कालच अर्थिंगची तार तुटलेली निघाली, संध्याकाळी वायरमन येऊन गेला.

गवत_की_हनीकोंब

नावच सांगतं माझा प्रश्न. गवत दरवर्षी बदला, कचरा, हात खाजतात. तो पुठ्ठ्यासारखा जाळीदार पॅड दोन-तीन वर्षं टिकतो. तरी लोक गवतच का लावतात?

वऱ्हाडातलं_पोट्टं

वास कुठून आणशील बे?

निवृत्त_इंजिनेर

जाळीचा पॅड चांगला, हे मान्य करतो. माझ्या मुलाच्या खोलीत आहे. माझ्या खोलीत वाळा आहे.

धरमपेठची_काकू

५६ ची आठवण कोणालाच नाही का? २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी बातमी आली, नागपुरात ५६ अंश! सकाळपासून अमेरिकेतला भाचा, बंगळुरूची मुलगी, नाशिकचे व्याही, सगळ्यांचे फोन. "काकू, जिवंत आहात ना?" मी म्हटलं, बाप्पा, मी कुरड्या घालून राहिली आहे, मला वेळ नाही. नंतर जाहीर झालं की आपोआप नोंद घेणारं ते यंत्रच चुकलं होतं. आपला खरा मोठा आकडा २०१३ च्या मे मधला, ४७.९. तेव्हा मी कुरड्या एका दिवसात वाळवून डब्यात भरल्या होत्या, चौथऱ्यावर घातल्या आणि कडकडीत!

पण तुमच्या जागेच्या गोष्टीत मला एक खटकलं, खामलेकर. तुमच्या आजीचे गुडघे कूलरनं धरायचे म्हणता. मग डिसेंबरात काय करायच्या? आपल्याकडे थंडी काय कमी पडते? तेव्हा दुखायचे का गुडघे?

खामलेकर

काकू, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नाही. हिवाळ्यात आजी पहाटे पाचला उठून अंगणात सडा घालायची, थंडगार पाण्यानं. गुडघ्यांबद्दल एक शब्द नाही. आज विचारतो.

तर्री_जास्त

आम्ही बसून राहिलो इथेच. विचारा लवकर.

खामलेकर

विचारलं.

आजी आता ८६ वर्षांची आहे. दुपारी तीनला भिंतीशी तिच्या नेहमीच्या जागी लवंडली होती. मी कूलर बारीक केला, नाहीतर ऐकू गेलं नसतं, आणि म्हटलं, "आजी, तुझे गुडघे खरंच कूलरनं धरायचे का गं?"

ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "गुडघ्याले काय धाड भरली होती रे! पोट्टे दोन, म्हातारा एक, आणि गार जागा एवढीशी. नुसतं 'नको' म्हटलं असतं तर सगळ्यांनी आग्रह केला असता. गुडघ्याचं नाव घेतलं की कोणी बोलत नाही."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. लाटणं हातातच. तिनं विचारलं, "म्हणजे तेवढी वर्षं मी तुम्हाला लावायला महानारायण तेल गरम करत होते ते?" आजी म्हणाली, "ते चांगलं लागत होतं, त्याले काहून नाही म्हणू?"

आई एवढी हसली की खाली बसली. बाबा उठून आले, दादाला फोन लागला, तो ऑफिसातून म्हणाला, "दिवाण, दिवाण, आधी तिला दिवाणावर घ्या." आबाजी गेल्यापासून त्या दिवाणावर वर्तमानपत्रांची रद्दी आणि घडी करायचे कपडे असतात. पाच मिनिटांत रिकामा केला. नवी चादर घातली. आजी आधी नको नको म्हणाली, पण गुडघ्यांचं कारण आता चालण्यासारखं नव्हतं, हे तिलाही समजलं.

आता ती दुसऱ्या ते पाचव्या फरशीवर, वाळ्याच्या बाजूला तोंड करून, ठार झोपली आहे. पदर हवेनं उडतो आहे. पुतणी खाली बसून तो धरून ठेवते, आजीच्या चेहऱ्यावर येऊ नये म्हणून.

पुण्यातली_नागपूरकरीण

काकू, तुमच्या त्या एका प्रश्नासाठी तुमच्या पाया पडते. मी आत्ता आईला फोन करते आहे. ती नेहमी म्हणायची, मला आंब्याच्या फोडी आवडत नाहीत, कोयच आवडते.

धरमपेठची_काकू

विचार गं. पण तिनं खरं सांगितलं तर रडू नकोस, सरळ फोडी पाठव.

वॉर्डातली_ताई

खामलेकर, आजींच्या अंगावर पातळ चादर असू द्या आणि झोत थेट तोंडावर नको. बाकी त्यांना हवं तितकं झोपू द्या.

खामलेकर

घातली चादर. झोत जरा वर केला.

उठल्यावर तिनं पहिली गोष्ट विचारली, "पाणी कोणी टाकलं? टाकी अर्धी वाजून राहिली." डोळे मिटूनही तिला आवाजावरून समजतं. प्लग काढून भरून आलो.

तर्री_जास्त

आजीले नमस्कार सांगा. आणि एक विचारा, आता तुमच्याकडे जावई आले तर त्यांची खाट कुठे घालणार?

खामलेकर

विचारलं. म्हणाली, "सातव्या फरशीवर. आणि शाल देऊन ठेवा."